फॉर्म नंबर ३३७

सॅन होजेच्या पूर्व भागात, ईस्टरिज मॉलच्या शेजारी, रीड-हिलव्ह्यू हा छोटा विमानतळ आहे. शनिवारी सकाळी तिथल्या हँगरांची लोखंडी दारं कुरकुरत सरकतात आणि आतून दोन-चार आसनांची विमानं बाहेर येतात. त्यातल्याच एका हँगरात सत्तरच्या दशकातलं एक सेसना १७२ पुढचं पॅनेल उघडं टाकून उभं आहे. वायरींचे जुडगे बाहेर लोंबताहेत. सांगलीकडचा एक सॉफ्टवेअर इंजिनिअर सीटखाली आडवा होऊन मेकॅनिकला बॅटरी धरून देतोय. विमान तिघा मराठी मित्रांच्या मालकीचं आहे. खरं तर चौघांचं, पण चौथ्याचं नाव कागदावर नाही.

त्याला कारण आहे. अमेरिकेत स्वतःच्या नावावर विमान नोंदवायचं तर माणूस नागरिक तरी हवा, नाहीतर ग्रीन कार्डधारक. विमान सामायिक मालकीचं असेल तर प्रत्येक मालकाला हीच अट आहे. एच-वन व्हिसावरचा माणूस विमान शिकू शकतो, लायसन्स काढू शकतो, भाड्यानं घेऊन उडवूही शकतो. त्याच्या नावावर ते होत नाही. शिकायला सुरुवात करण्याआधीही परदेशी विद्यार्थ्याला बोटांचे ठसे देऊन सुरक्षा खात्याची मंजुरी घ्यावी लागते. विमानाच्या नोंदणी अर्जात एक चौकोन आहे, ‘कायम रहिवासी’ असा. त्याच्यापुढे ग्रीन कार्डाचा नंबर लिहायचा असतो. सांगलीच्या या गृहस्थानं तो नंबर लिहिताना एकेक आकडा तीनदा पडताळून पाहिला. ज्यानं त्या आकड्यासाठी अकरा वर्षं वाट पाहिली, त्याचा हात तिथे सावकाशच चालणार.

बे एरियातल्या मराठी घरांत ग्रीन कार्डाच्या फॉर्मचे नंबर नात्यातल्या माणसांसारखे बोलले जातात. आय-१४० झालं का, आय-४८५ कुठवर आलं? सांगलीकराच्या घरात त्यात आणखी एक नंबर आला आहे, ३३७.

विमानात मोठा बदल किंवा मोठी दुरुस्ती केली की हा फॉर्म भरावा लागतो. इथे बदलायचं आहे ते कृत्रिम क्षितिज. ढगात शिरल्यावर वर काय आणि खाली काय हे वैमानिकाला सांगणारं हे उपकरण. जुन्या सेसनात त्याच्या आत एक भिंगरी असते आणि ती इंजिनावर चालणाऱ्या व्हॅक्यूम पंपाच्या जोरावर फिरते. पंपातली कार्बनची पाती झिजतात आणि एक दिवस अचानक तुटतात. भिंगरी मात्र लगेच थांबत नाही. हळूहळू मंदावते आणि उपकरण हळूहळू कलायला लागतं. ढगात असलेला वैमानिक त्या कललेल्या रेषेवर विश्वास ठेवून विमान वळवत राहतो. हे सगळ्यात घातक.

उपकरण कोणत्याही कारणानं बिघडो, ढगात त्याची किंमत जबर असते. मिसुरीचे गव्हर्नर मेल कार्नाहान १६ ऑक्टोबर २००० च्या रात्री मुलानं चालवलेल्या सेसना ३३५ मधून निघाले होते. हवा वाईट होती. मुख्य कृत्रिम क्षितिज नीट चालत नसल्याचं वैमानिकानं कंट्रोलरला कळवलं होतं. विमान कोसळलं आणि त्यातले तिघंही गेले. तपासात मूळ कारण निघालं ते वैमानिकाला दिशाभ्रम झाल्याचं. त्याला हातभार लावणाऱ्या गोष्टींत या उपकरणाचा बिघाड आणि खराब हवामान नोंदवलं गेलं.

मग पंपावर न चालणारं, स्वतःची बॅटरी असलेलं इलेक्ट्रॉनिक उपकरण का नाही बसवायचं? कित्येक वर्षं याचं उत्तर एकच होतं: कागद. घरी बांधलेल्या प्रायोगिक विमानांत अशी उपकरणं सर्रास चालत होती. कारखान्यातून आलेल्या, प्रमाणपत्र असलेल्या सेसनात तेच यंत्र बसवायला मनाई होती, कारण यंत्राला प्रवासी जेटच्या धर्तीवरची मंजुरी लागे आणि त्या मंजुरीचा खर्च किमतीत चढे. म्हणून लोक जुन्याच पंपावर उडत राहिले. सुरक्षिततेसाठी केलेला नियम सुरक्षित उपकरणाच्याच आड उभा होता, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे.

२०१६ साली हे बदललं. हौशी वैमानिकांची संघटना ईएए आणि विमान वाहतूक प्रशासन एफएए यांनी मिळून वाट काढली आणि डायनॉन डी-१०ए हे उपकरण काही सेसना आणि पायपर विमानांसाठी मंजूर झालं. ईएएनं मंजुरीचा कागद शंभर डॉलरला द्यायला सुरुवात केली. त्याच वर्षी गार्मिन कंपनीच्या जी-५ या उपकरणाला शेकडो मॉडेलांची यादी जोडून मंजुरी मिळाली. अशा मंजुरीला एसटीसी म्हणतात. आपल्या विमानाचं मॉडेल यादीत असलं की अर्धी लढाई जिंकली. नसलं, तर स्थानिक कार्यालयातल्या निरीक्षकाला आराखडे दाखवून त्याची सही मिळवावी लागते, आणि त्याला आठवडे लागतील की महिने, हे आधी कुणी सांगू शकत नाही.  

सांगलीकराचं मॉडेल यादीत होतं. तरी काम सही करून संपलं नाही. उंचीमापकाला जोडलेली स्थिर दाबाची नळी या कामात एकदा उघडली की गळती तपासावी लागते. मेकॅनिकनं पंपानं हवा ओढून उंचीमापकाचा काटा हजार फूट वर चढवला, नळी बंद केली आणि घड्याळाकडे पाहत बसला. एका मिनिटात काटा शंभर फुटांहून जास्त घसरला तर नापास. दोघंही श्वास रोखून होते. काटा वीसेक फूट हलला आणि थांबला.

मग वजनाचा हिशेब. काढलेला पंप, काढलेल्या नळ्या, बसवलेलं नवं उपकरण. प्रत्येकाचं वजन गुणिले इंजिनामागच्या भिंतीपासूनचं अंतर. त्यातून नवा गुरुत्वमध्य येतो. पुढे होकायंत्र. नव्या वायरींनी त्याची सुई हलू शकते, म्हणून विमान जमिनीवर रंगवलेल्या दिशाचक्रावर नेऊन तीस-तीस अंशांनी फिरवायचं आणि प्रत्येक दिशेची चूक छोट्या कार्डावर लिहून ते होकायंत्राजवळ लावायचं.

हे सगळं फॉर्मच्या मागच्या बाजूला, आठव्या रकान्यात, शब्दांत उतरतं. तपासणीचा खास अधिकार असलेला मेकॅनिक सातव्या रकान्यात सही करतो. एक प्रत मालकाला, दुसरी ४८ तासांच्या आत ओक्लाहोमा सिटीतल्या एफएएच्या विमान नोंदणी कार्यालयाला.

घरी मित्रमंडळी विचारतात, एवढ्याशा डब्याला एवढे सोपस्कार? सॉफ्टवेअरच्या धंद्यात शुक्रवारी सोडलेली चूक सोमवारी सुधारता येते, त्यामुळे प्रश्न चुकीचा नाही. पण हे विमान या तिघांच्या आधी अनेकांनी चालवलं आहे आणि पुढेही चालवतील. १९८० च्या दशकात कुणीतरी शेपटीत एक ब्रॅकेट बसवलं होतं. कुणी, कशानं आणि कोणत्या मंजुरीनं, हे आज कळतं ते केवळ एका पिवळ्या पडलेल्या ३३७ मुळे. यंत्राच्या किमतीत भर घालणारा कागद कमी व्हायला हवा होता, आणि तो झाला. काय केलं ते सांगणारा कागद मात्र एका ओळीनंही कमी होता कामा नये.

चौथ्या मित्राचं ग्रीन कार्ड अजून रांगेत आहे. तो शनिवारी येतो, बॅटरी धरतो, आळीपाळीनं उडवतो.

परदेशात जुनं विमान विकत घेण्याच्या विचारात असलेल्या मराठी माणसांना एकच विनंती. रंग आणि सीटकव्हर नंतर बघा. चेक फाडण्याआधी ओक्लाहोमा सिटीहून त्या विमानाची पूर्ण फाईल मागवा, त्यातला प्रत्येक ३३७ लॉगबुकशी ताडून पाहा, आणि पॅनेलवर दिसणारं जे यंत्र कागदावर सापडत नाही, त्याचा जाब विकणाऱ्याला विचारा.