जुल्फ्याच्या भिंतीवरची गोष्ट

मशहदची जियारत आटोपून आमचा काफिला दोन दिवस इस्फहानला थांबला होता. नक्श-ए-जहाँ चौकातल्या निळ्या मशिदी पाहून झाल्यावर दुसऱ्या सकाळी झायंदे रूद ओलांडून आम्ही जुल्फा मोहल्ल्यात गेलो. ही आर्मेनी ख्रिस्ती लोकांची वस्ती. त्यांचे 'वांक' नावाचे मोठे चर्च इथे आहे.

अम्मी दारातच थबकल्या. "आत तसविरा आहेत म्हणतात. तुम्ही बघून या, मी बाकावर बसते." आम्ही आग्रह केला नाही. पैगंबरांची चित्रे आपण काढत नाही, हे आमच्या घरातल्या पोरांनाही ठाऊक आहे.

बाहेरून चर्च ओळखू येत नाही. विटांच्या भिंती आणि वर थेट इराणी मशिदीसारखा घुमट. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला शाह अब्बासने अरस नदीकाठच्या जुल्फा गावातून आर्मेनी लोकांना उठवून इथे आणून वसवले. सुटलेल्या गावाचे नाव त्यांनी नव्या वस्तीला दिले. रेशमाच्या व्यापारावर ते वर आले. त्यांचे व्यापारी आपल्याकडे सुरत-मुंबईपर्यंत पोहोचले. मुंबईच्या फोर्टातले आर्मेनी चर्च १७९६ चे आहे. वांकचे बांधकाम १६०६ मध्ये सुरू झाले आणि आजचे रूप त्याला १६५५ ते १६६४ या काळात मिळाले.

आत पाऊल टाकले आणि पोरे गप्प झाली. खाली रंगीत इराणी फरशा आणि त्यांच्या वर चित्रेच चित्रे. घुमटात निळ्या-सोनेरी रंगात सृष्टीची निर्मिती आणि आदम-हव्वा यांचे जन्नतमधून निघणे. भिंतींवर ईसा (अ.) यांच्या आयुष्यातले प्रसंग. एका पट्ट्यात आर्मेनियाच्या संत ग्रेगरीचे हाल, तर एका भिंतीवर कयामतचा निवाडा. युरोपातून आलेली छापील चित्रे समोर ठेवून बरेच काम झाले आहे, पण वेलबुट्टी पक्की इराणी.

शाळेत आम्ही पहिलीच्या मुलांकडून चित्रवाचन करून घेतो. ज्याला अक्षर येत नाही, तो चित्रावरून गोष्ट सांगतो. इथेही तेच आहे. कुणाच्या डोक्याभोवती तेजाचे वलय आहे, हात कुणाकडे वळला आहे, कोण गुडघ्यावर बसले आहे, हे पाहत गेले की पुस्तक न उघडता गोष्ट पुढे सरकते.

धाकटी लेक बाहेर धावली. "दादी, चला ना! आदम आणि हव्वा आहेत!" नातीचा हात धरून अम्मी आत आल्या. त्या कुरआन नाजिरा वाचतात, पण शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. तरी घुमटाकडे बघून त्यांनी इब्लिसपासून तौबापर्यंत सगळे न अडखळता सांगितले. ईसा (अ.) यांच्या जन्माच्या चित्राशी मात्र त्या थांबल्या. "यात खजुराचे झाड कुठे आहे?"

आम्ही सांगितले, "इंजीलमध्ये जन्म गोठ्यापाशी आहे. खजुराचे झाड सूरह मरियममध्ये आहे."

मग सुळावरचे चित्र आले. लेकीने हळूच विचारले, "दादी, हे तर खोटं आहे ना?"

आम्ही दचकलो. गेल्या वर्षी वर्गात कुणीतरी तिच्या नमाजची नक्कल केली होती. ती रडत घरी आली आणि तेव्हापासून दुसऱ्याच्या पूजेला हसून बदला घ्यायला शिकली. आमचे समजावणे तिला पटत नव्हते.

अम्मी म्हणाल्या, "अल्लाहने त्यांना आपल्याकडे उचलून घेतलं, हा आपला ईमान. यांचा ईमान हा. तुला पटू नये, ते ठीकच. पण हे त्यांचं इबादतीचं घर आहे. इथं उभं राहून हसलीस, तर तुझ्या नमाजला हसणाऱ्या पोरात आणि तुझ्यात फरक काय?"

लेक काही बोलली नाही. संध्याकाळी बसमध्ये ती धाकट्या भावाला गोष्ट सांगत होती, "आपल्यात खजुराचं झाड आहे, त्यांच्यात गोठा." भाऊ हसू लागला, तर तिने त्याला दटावले.

पुढच्या सीटवर अम्मी तसबीह फिरवत होत्या.