आधी समोरच्याचं

जॉन विल्सन हे नाव मला पहिल्यांदा भेटलं मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात. दाभोळच्या घरी वडिलांच्या टेबलावर तो जाडजूड कोश कायम असे. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत मराठीच्या घडणीवर विल्सन यांचं टिपण आहे. ‘स्कॉटिश पाद्री, पण मराठीचा अभ्यास बघ,’ वडील म्हणत. पुढे मुंबईला शिकायला गेले, तर चौपाटीसमोर १८८९ साली उभ्या राहिलेल्या देखण्या इमारतीवर तेच नाव.

विल्सन १८०४ साली लॉडर गावात जन्मले. त्यांचा पंथ प्रेस्बिटेरियन. त्यात बिशप नसतो; आपल्याकडे गावकी बसते तशी निवडलेली वडीलधारी मंडळी बसून चर्चचा कारभार पाहतात. १८२९ च्या फेब्रुवारीत ते पत्नी मार्गारेटसह मुंबईत उतरले आणि मराठी शिकायला आले ते आमच्याच किनाऱ्यावर, बाणकोट-हर्णैला. स्कॉटिश मिशनऱ्यांचं काम तिथे १८२३ पासून चालू होतं. हर्णैला मासळीच्या लिलावाची बोली कानावर पडते, तेव्हा मला हटकून वाटतं, हे मराठी त्यांनीही ऐकलं असेल.

१८३२ साली त्यांनी मुंबईत काढलेल्या शाळेचंच पुढे विल्सन कॉलेज झालं. मार्गारेटबाईंनी मुलींच्या शाळा काढल्या. १८३५ मध्ये त्या गेल्या. १८३९ मध्ये दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला आणि पालकांनी भराभर मुलं शाळेतून काढून घेतली. त्या आईबापांची धास्ती मला खरी वाटते. शिकवणं आणि धर्मांतर विल्सन यांनी वेगळं मानलं नाही, हे मला आजही मान्य नाही.

तरीही या माणसाचं ऋण मी मानते. १८३१ मध्ये मोरभट्ट दांडेकरांनी हिंदू धर्माच्या बाजूनं पुस्तक लिहिलं. पुढच्या वर्षी विल्सन यांनी त्याचं खंडन छापलं. भाषा बोचरी, ठिकठिकाणी अन्यायकारक. पण त्या पुस्तकाच्या सुरुवातीला त्यांनी मोरभट्टांच्या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद छापला! प्रतिपक्षाचं म्हणणं आधी, आपलं उत्तर नंतर. आपल्या शास्त्रार्थाच्या परंपरेतही पूर्वपक्ष आधीच मांडतात. आपली ही रीत एक परका धर्मशास्त्री पाळतो आणि आपण मात्र ती सोडत चाललो आहोत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शिक्षिका झाले आणि वादविवादाच्या तासाला ही रीत लावली. आपली बाजू मांडायची असेल, तर आधी समोरच्याची मांडायची, तीही त्याला ‘हो, हेच म्हणायचंय मला’ असं वाटेल इतकी नीट. आमच्याकडे मोठ्या बोटींच्या पर्ससीन जाळ्यांवरून छोट्या होडीवाल्यांशी वाद घरोघरी पेटलेला असतो. छोट्या होडीवाल्याच्या मुलीला मी पर्ससीनवाल्यांची बाजू मांडायला लावली. ती रागावली, मग उठली आणि बोटीवरचं कर्ज, डिझेलचा भाव, खलाशांचे पगार असं एकेक सांगत गेली. पर्ससीनवाल्याचा मुलगा मान डोलावत होता. मग ती म्हणाली, ‘आता माझं ऐक,’ आणि वहीचं पान उलटलं.