उजेड विकत घेणे आहे!

घरच्या गणपतीचे फोटो आठवून बघा. आरती चाललीय, समई तेवतेय, ट्यूबलाइट त्यात आपला पांढराफटक उजेड कालवतेय... आणि फोटोत? मूर्ती झक्कास, पण टाळ्या वाजवणाऱ्या हातांच्या जागी नुसता धूर! फ्लॅश मारला तर आजीच्या चष्म्यात दोन सूर्य. फॅमिली ग्रुपवर सगळे अंगठा दाखवतात, ते सोडा.

या दुखण्यावरचं औषध सीएसएमटीसमोर मिळतं. पत्ता : बोरा बाजार, फोर्ट. शनिवारी जा, कारण रविवारी फोर्ट डाराडूर झोपलेलं असतं. स्टेशनातून बाहेर पडायचं, सबवेतल्या गर्दीतून वाट काढायची आणि डी. एन. रोडला समांतर जाणाऱ्या या चिंचोळ्या गल्लीत शिरायचं. हातगाड्या, कागदाचे गठ्ठे, डोक्यावर लोंबणाऱ्या वायरी आणि मधूनच काचेच्या कपाटात ओळीने मांडलेल्या लेन्सेस. पोटोबा आधी करायचा असेल तर पंचम पुरीवाला जवळच आहे. (पुरीभाजी खाल्ल्यावर हात धुवा हं. तेलकट बोट आणि लेन्सची काच यांचं जमत नाही.)

फोटोचं वेड या शहराला तसं जुनंच. ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ १८५४ मध्ये सुरू झाली आणि त्यात आपले डॉ. भाऊ दाजी लाड होते. फोर्टातल्या या दुकानांमध्ये शिरलं की ते वेड अजून ओसरलेलं नाही हे कळतं. कोणी दुरुस्तीला दिलेला फिल्म कॅमेरा न्यायला आलेला, कोणी लग्नाच्या सीझनसाठी भाड्याने बॉडी मागणारा, कोपऱ्यात एखादं कॉलेजचं पोरगं नुसतंच हाताळून बघणारं.

मी गेले होते ते आमच्या गिरगावच्या खोलीसाठी. चाळ रिडेव्हलपमेंटला गेली होती आणि गेल्या वर्षीचा गणपती हा त्या दहा बाय बाराच्या खोलीतला शेवटचा. आजी तिथे लग्न होऊन आली, बाबा तिथे जन्मले. बाप्पा पुढच्या वर्षीही येणारच, पण ती खोली नसणार. माझ्याकडे निकॉन डी५६०० आणि सोबत आलेली १८-५५ची किट लेन्स. डोक्यात एकच, नवीन महागडी बॉडी घ्यायची का?

काउंटरमागच्या काकांनी कॅमेऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पहिला प्रश्न, “मॅडम, खोली केवढी आहे?”

मला वाटलं, ब्रोकरकडे आले की काय! पण प्रश्न बरोब्बर होता. सगळे ‘फिफ्टी घे, फिफ्टी घे’ म्हणतात. ५० एमएम एफ/१.८ आहेच गुणी आणि स्वस्त. पण डी५६०० सारख्या छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, आठ फुटांवरून तिच्यात जेमतेम पावणेचार फूट रुंदी मावते. म्हणजे आजी आणि फार तर एक नातू. बाकीच्यांनी काय गॅलरीत उभं राहायचं? ३५ एमएम घेतली की तीच रुंदी सव्वापाच फुटांवर जाते.

आता उजेडाचा हिशेब. किट लेन्स ३५च्या आसपास साधारण एफ/४.५ पर्यंतच उघडते. एफ/१.८ची लेन्स तिथे सहापट उजेड आत घेते. किटवर शटर १/१५ सेकंदावर रखडत असेल, तर इथे ते १/१०० वर येतं. हा आकडा लक्षात ठेवा! आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकच्या ट्यूबा सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. शटर १/१०० ठेवलं की फोटोत काळे-पिवळे पट्टे येत नाहीत आणि टाळ्यांचे हातही बऱ्यापैकी थांबतात. मोबाइलचा नाइट मोड अनेक फ्रेम्स एकावर एक रचतो. मूर्तीसाठी छान, उड्या मारणाऱ्या भाच्यासाठी बेकार.

फ्लॅशचंही विचारलं. छतावर उजेड आपटवून मस्त मऊ फोटो येतात, पण छत पांढरं हवं. आमच्या चाळीचं लाकडी, तपकिरी. तो विषय तिथेच संपला.

सेकंड हॅण्ड घेत असाल तर मोबाइलचा टॉर्च मागून लेन्समध्ये मारा आणि पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती फंगस. मुंबईच्या पावसाची देणगी! कितीही स्वस्त असो, ठेवून द्या. जुनी ‘डी’ सिरीजची लेन्स हातात आली तर आपल्या बॉडीत फोकस मोटर आहे का ते विचारा. डी५६०० मध्ये नाही, म्हणजे फोकस हाताने फिरवत बसा. मी २००९ मध्ये आलेली ३५ एमएम एफ/१.८जी घेतली, स्वतःची मोटर असलेली. वापरलेली, पण बिलासकट. नव्या बॉडीच्या पैशांत निदान दोन गोव्याच्या ट्रिप शिल्लक राहिल्या असतील.

एक गोष्ट मात्र काकांनी बजावून सांगितली. एवढी उघडी लेन्स आठ फुटांवर जेमतेम फूटभर खोलीच शार्प ठेवते. म्हणून सगळ्यांना एका ओळीत उभं करा. आरतीला माणसं ओळीत उभी करणं म्हणजे... असो. काका-काकूंना आधीच चिकटून बसायला सांगितलं, आयएसओ ३२०० ठेवला आणि शटर दाबत राहिले. थोडे दाणे आले फोटोत. येऊ देत की! आजीच्या हातावरच्या शिरा दिसतायत, निरांजनाचा पिवळा उजेड तिच्या गालावर पडलाय आणि डोळे मिटलेले.

आजीने कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो निरखून पाहिला. म्हणाली, “सगळं छान गं, पण मागची खुंटी पुसट का?”

आजोबांची टोपी त्या खुंटीवर असायची. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीचं दार सताड उघडलं आणि खुंटीचा वेगळा फोटो काढला. त्याला आपली किट लेन्स पुरली.