लग्न लागलेलं सार

'मिनेस्त्रा मारिताता' या नेपल्सच्या पदार्थाचं नाव अमेरिकेत 'वेडिंग सूप' झालं. साहजिकच ऐकणाऱ्याला वाटतं, इटलीत लग्नाच्या पंगतीला हे वाढत असणार. तसं नाही. मारिताता म्हणजे जिचं लग्न झालेलं आहे ती. नवरा-नवरी दोघंही पातेल्यातच: पालेभाजी आणि मांस. (भाषांतरावर पोट असलेल्या माझ्यासारखीला एका विशेषणाचा हा प्रवास फार आवडतो.)

मॅकरोनी रोजच्या ताटात येण्याआधी नेपल्सच्या लोकांना 'पानखाऊ' म्हणत. सतराव्या शतकात ते 'मॅकरोनीखाऊ' कसे झाले, यावर एमिलिओ सेरेनी यांचा १९५८चा लेख आहे. पाला नेहमीचा, मांस सणासुदीचं. म्हणून दोघांची गाठ नाताळात नाहीतर ईस्टरला.

मी तिथं राहिले तो डिसेंबर माझ्या घटस्फोटानंतरचा पहिला. घरमालकीणबाई विधवा, सत्तरीच्या. आदल्या दिवशीच त्यांनी डुकराच्या फासळ्या, कातडी आणि हॅमचं हाड उकळून रस्सा रात्रभर गॅलरीत ठेवला. सकाळी वर थिजलेली चरबी चमच्यानं काढून टाकली. मग भाज्या: एस्कारोल, चिकोरी, बोरेज आणि तोर्झेल्ला नावाचा कुरळ्या पानांचा कोबी. प्रत्येकीला वेगळं उकडायचं, कारण एक लगेच मऊ पडते, दुसरी दाद देत नाही. दोन्ही घरं एकत्र येतात ती अगदी शेवटी, मंद आचेवर.

मी मांस खात नाही. म्हटलं, "मला नुसती भाजी चालेल."

"मग लग्न कुठं लागलं?" बाई हसल्या, आणि माझ्या तोंडाकडे बघून एकदम गप्प झाल्या. लसूण घालून ऑलिव्हच्या तेलात त्यांनी माझी भाजी वेगळी परतली. आमच्या घरी कारलंसुद्धा गूळ घालून होई. ही चिकोरी कसलीच भीडभाड न ठेवता कडू होती. मी ताट पुसून खाल्लं.

"तुझ्या नवऱ्याला कडू चालायचं?" बाईंनी विचारलं.

"अजिबात नाही."

"माझ्याही नाही. बेचाळीस वर्षं चिकोरीऐवजी साधा कोबी घातला मी." आणि त्यांनी स्वतःला आणखी एक पळी वाढून घेतली.