पुणे ते जळगाव, करमणुकीसकट

दिवाळी आली की आमच्या ऑफिसातली खानदेशी मंडळी दोन गोष्टी बुक करतात. एक तिकीट, आणि दुसरं कुठल्यातरी ओटीटीचं सबस्क्रिप्शन. का, तर महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये रात्र काढायची! अरे पण त्या रात्रीत आपण जागे असतो जेमतेम दोन तास.

बरं, घेतात एका महिन्यासाठी आणि ऑटोपे तसाच चालू. समजा महिन्याला 149 रुपये, म्हणजे वर्षाचे 1788. एवढ्यात स्लीपरने घरी जाऊन परत येता येतं, वर भरीत-पार्टीची वर्गणीही निघते. 1 ऑक्टोबर 2021पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापायच्या किमान 24 तास आधी मेसेज येतो, तिथेच नाही म्हणता येतं. पण तो वाचतंय कोण?

स्टेशनवरचं रेलटेलचं वायफाय म्हणाल तर पहिली 30 मिनिटं फुकट, स्पीड 1 एमबीपीएस. गुणाकार करा (सवय आहे आपल्याला :)), फार तर 225 एमबी. म्हणजे बारीक क्वालिटीत एखादा एपिसोड. मार्च 2021मध्ये पेड प्लॅन आले तेव्हा 5 जीबी एका दिवसासाठी 10 रुपयांना होतं, कर वेगळा.

मी आपला निघण्याआधी घरच्याच वायफायवर यूट्यूबवरची अहिराणी कॉमेडी ऑफलाइन करून ठेवतो. फुकट. इअरफोन मात्र न्या, अख्ख्या डब्याला ऐकवू नका.

धुळेकरांनो, तुम्हाला पहाटे चाळीसगावला उतरायचंय. बॅटरी अलार्मपुरती तरी ठेवा, नाहीतर डोळे उघडतील ते पाचोऱ्याला.