राखणदार आणि संन्यासी

सातारा-सांगलीकडच्या गावांत राखण हे एकेकाळी नेमून दिलेले काम होते. रामोशी रात्रभर जागायचा, गावाला फेऱ्या घालायचा आणि त्याबदल्यात घराघरांतून धान्य घ्यायचा. चोरी झालीच तर पावलांचा माग काढत तो शिवेपर्यंत जाई. माग पलीकडे गेला की जबाबदारी शेजारगावच्या राखणदारावर पडे, आपल्याच शिवेत विरला तर भरपाई त्याच्या गळ्यात. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या १८१९ च्या अहवालात या व्यवस्थेचे वर्णन आहे. तिच्यात चुकीची किंमत कोण मोजणार हे आधीच ठरलेले असे. ती किंमत बहुधा गावातल्या सर्वांत गरीब माणसाने मोजायची, ही गोष्टही तितकीच खरी. पुढे इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने याच समाजावर शिक्का मारला. १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत रामोशी आजही आहेत. ज्याच्या भरवशावर गाव झोपले, त्याच्यावरच पाळत ठेवायची वेळ गावावर का यावी, याचे उत्तर कायद्याच्या कलमांत सापडत नाही.

१९४३ ते १९४६ या काळात राखण पुन्हा गावाच्या हाती आली. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात आजच्या सांगलीचा बराच भाग होता. तिथे नाना पाटलांच्या प्रतिसरकारने दरोडेखोरांचा आणि गावगुंडांचा बंदोबस्त केला, गावोगावी न्यायदान मंडळे बसवली, तळपायांवर काठ्या मारण्याची शिक्षाही दिली. या भागाला त्या दिवसांचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. मात्र काठी आपल्या हातात असली की न्याय होतो, ही समजूतही त्यातूनच रुजली का, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

आजची गस्त साधी असते. विहिरीवरच्या मोटारीची केबल तांब्यासाठी कापून नेली, वस्तीवर कोणी दार वाजवले, की तरुण पोरे शिट्ट्या, बॅटऱ्या आणि काठ्या घेऊन बाहेर पडतात. जागी वस्ती चोर टाळतो, एवढे तरी नक्की. दारात दिवा, अंगणात कुत्रे, परगावी जाताना शेजारच्या घरी सांगून जाणे, हे उपाय जुने असले तरी अजून कामाचे आहेत. अडचण गस्तीच्या दुसऱ्या बाजूला आहे. तिला अनोळखी माणूस हवा असतो आणि कधी ना कधी तो सापडतोच.

सप्टेंबर २०२२ मध्ये जत तालुक्यातल्या लवंगा गावात तो सापडला. उत्तर प्रदेशातले चार साधू विजापूरकडून पंढरपूरला निघाले होते. गावातल्या देवळात रात्र काढून सकाळी त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याची अफवा त्या दिवसांत पसरली होती आणि तेवढ्यावर जमावाने त्यांना मारहाण केली. चित्रफीत सगळीकडे फिरली आणि पोलिसांनी काही जणांना अटक केली. साधू वाचले. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, बाजाराच्या दिवशी, अशाच अफवेने डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांचा जीव घेतला होता. त्यांतले बहुतेक जतला लागून असलेल्या मंगळवेढा तालुक्यातले होते.

अशा वेळी ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ ही म्हण ठेवलेलीच असते. ती लवंग्याला लागू पडल्यासारखी वाटते, पण नीट बसत नाही. तिथे सोडायला चोरच नव्हता, कारण चोरी झालीच नव्हती. शिवाय ही म्हण फाशी देताना कोणी म्हणत नाही, ती नंतर वर्तमानपत्र वाचताना सुचते.

महाभारताच्या आदिपर्वातला मांडव्य ऋषी या म्हणीच्या अधिक जवळचा. तो आश्रमाच्या दारात मौन धरून तप करत होता. चोर लुटीसह आत शिरून लपले. राजाच्या शिपायांनी चोर कोणीकडे गेले असे विचारले, तो बोलला नाही. शोध घेतला तर चोरही सापडले आणि मालही. म्हणजे पुरावा खोटा नव्हता आणि शिपायांचा संशय अगदीच बिनबुडाचा नव्हता. चोर सुटलेही नाहीत. त्यांच्याबरोबरच ऋषीला सुळावर चढवले गेले. तो मेला नाही. राजाने पाय धरले, सूळ उपटता येईना म्हणून कापला आणि त्याचे टोक अंगात घेऊनच तो हिंडू लागला. अणीमांडव्य हे नाव त्याला त्यावरून पडले. राजाला त्याने क्षमा केली. मग तो धर्माकडे गेला आणि हे कोणत्या कर्माचे फळ, असे विचारले. लहानपणी त्याने किड्यांच्या शेपटांत गवताच्या काड्या खुपसल्या होत्या म्हणे. एवढ्याशा अपराधाला एवढी शिक्षा, म्हणून त्याने धर्मालाच मनुष्यजन्माचा शाप दिला (तोच विदुर) आणि चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाच्या कृत्याला पाप धरायचे नाही, असा नियम घातला.

नियम थोर आहे. तरीही कथा एका ठिकाणी खटकते. निरपराध संन्यासी अखेर कशाचा ना कशाचा अपराधी ठरतो. जमाव पांगल्यावर पारावर बसलेले लोक म्हणतात, ‘काहीतरी केलंच असणार, उगाच कोण मारतंय?’ कथेतला धर्मराजही जवळपास तेच म्हणतो. मांडव्याचे भांडण शिक्षेच्या मापाशी आहे. शिपायांवर तो रागावत नाही.

आणि खरा चोर? तो हल्ली अनोळखी वाटेल असा येतच नाही. बाजाराच्या वाटेवर इस्त्रीच्या कपड्यांतले दोघे मोटारसायकल थांबवतात. ‘मावशी, एवढं सोनं घालून कुठं निघालाय? आम्ही पोलीस आहोत, पुढं लूटमार झालीय.’ मावशी बोरमाळ काढते, पाटल्या ओढून काढते. एक जण ते सगळे कागदात घालून रुमालाची घट्ट गाठ मारून देतो, नीट सांभाळा म्हणतो. घरी गाठ सोडली की खडे निघतात. मावशीने चुकीचे काहीच केलेले नसते. सावध राहा एवढाच उपदेश तिने पाळलेला असतो.

कायद्याने गस्तीला थोडी मोकळीक दिली आहे. आपल्यासमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला कोणीही पकडू शकतो. मात्र १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे त्याला सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करावे लागते. त्याच दिवसापासून लागू झालेल्या न्याय संहितेत, पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून केलेल्या खुनाला जन्मठेप किंवा फाशी आहे. चोर असल्याचा निव्वळ संशय या यादीत शब्दशः नाही, ‘तत्सम कारण’ मात्र आहे. लवंग्यात कोणासमोर काहीच घडले नव्हते, म्हणून तिथला निवाडा सोपा वाटतो. पण ज्याच्या वस्तीवर मागच्याच महिन्यात दरोडा पडला, त्याने रात्री दोन वाजता उसाच्या कडेने येणारी बॅटरी दिसल्यावर आधी गुन्हा घडू द्यावा आणि मग धरावे, हे त्याला कोणत्या तोंडाने सांगायचे?