फोटो काढणारी

ज्या घरात एक तरी माणूस फोटोचा शौकीन असतो, त्या घरातली दिवाळी इतर घरांपेक्षा अर्धा तास लांबते, असा माझा अनुभव आहे. ताटे वाढून झालेली असतात, चकलीवर सगळ्यांचा डोळा असतो, लहान मुलांचे हात लाडवाकडे निघालेले असतात, आणि नेमक्या त्याच वेळी कुणीतरी ओरडते, "थांबा, थांबा! आधी फोटो!" आमच्या घरात असे शौकीन एक नव्हे, दोन आहेत. एक मी आणि दुसरी माझी लेक.

मी पंचाहत्तरी ओलांडली आहे आणि ती पन्नाशीच्या घरात आहे. स्वयंपाकात आमचे पटत नाही, साड्यांच्या बाबतीत तर मुळीच नाही. फोटोच्या बाबतीतही पटते असे नव्हे. पण तिथे भांडायला आम्हां दोघींना आवडते. माझे म्हणणे, फोटो काढायचा तर माणसांनी नीट उभे राहावे, वडीलधाऱ्यांना खुर्च्या द्याव्यात, मुलांना पुढे बसवावे आणि सगळ्यांनी समोर पाहावे. तिला हे पसंत नाही. "आई, तुझ्या फोटोतली माणसं परीक्षेला बसल्यासारखी दिसतात," असे ती म्हणते. ती आपली चालता-बोलता फोटो टिपत राहते. कुणी रांगोळी घालते आहे, कुणी उटणे लागल्याने तोंड वाकडे करते आहे, कुणाचा अर्धा अनरसा तोंडात आहे. एका भाऊबिजेला ती तीनशे फोटो काढते. मला तीनशे या आकड्याचीच धडकी भरते. माझा हिशेब बारापाशी थांबलेला आहे.

कारण माझा पहिला कॅमेरा बारा फोटोंचा होता. आगफा क्लिक-थ्री. तो त्या काळी आपल्या देशातच, बडोद्याला बनत असे. काळी चौकोनी पेटी, त्यावर ऊन आणि ढग अशा खुणा. ऊन असेल तर उन्हावर काटा ठेवायचा, आभाळ असेल तर ढगावर. याहून अधिक शास्त्र त्याला ठाऊक नव्हते. पाठीमागे तांबडी खिडकी होती. चावी फिरवली की तिच्यात पुढचा आकडा सरकत येई. बारा आकडा आला की संपले! फिल्म महाग आणि जपून वापरायची वस्तू. उटकमंडच्या सरकारी कारखान्यातली 'इंदू' फिल्मही त्याच सुमाराला, 1967 च्या आसपास, निघू लागली होती. एक रोळ आम्ही गणपतीपासून संक्रांतीपर्यंत पुरवत असू. त्यातही आजीचा फोटोला विरोध. तिघांचा फोटो काढू नये, फोटोने आयुष्य कमी होते, अशी तिची ठाम मते होती. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती 1854 साली, आणि डॉ. नारायण दाजींसारखी आपली माणसे तेव्हापासून कॅमेरा हाताळत होती. पण ही बातमी शंभर वर्षांनंतरही आमच्या वाईच्या वाड्यात पोचलेली नव्हती.

हा कॅमेरा मला ताईआत्याने घेऊन दिला. ती वडिलांची मोठी बहीण. विसाव्या वर्षी तिचे कुंकू पुसले गेले. आजोबा तसे कडक, पण त्यांनी एक गोष्ट चांगली केली. अण्णासाहेब कर्व्यांनी 1896 साली ज्या संस्थेची सुरुवात केली, तिथे हिंगण्याला त्यांनी आत्याला शिकायला पाठवले. ती मास्तरीण होऊन परत आली आणि गावातल्या मुलींच्या शाळेत शिकवू लागली. घरात तिच्या पगाराला मान होता. तिच्या मताला होता की नाही, हे मला सांगता येणार नाही. मी मॅट्रिक झाले तेव्हा तिने विचारले, "काय हवं तुला?" मी एका मासिकातली जाहिरात दाखवली. ती मोठ्याने हसली. "बायकांनी फोटो काढायचे म्हणतेस? काढ की!" पुढे मला कळले की होमाई व्यारावाला नावाची बाई त्याच्याही कितीतरी आधीपासून वर्तमानपत्रांसाठी फोटो काढत होती आणि मोठमोठे पुढारी तिच्यासमोर उभे राहत होते. पण आमच्या आळीतली होमाई मीच, या तोऱ्यात मी ते वर्ष काढले.

आता मुख्य हकिकत सांगते. गेल्या पावसाळ्यात लेकीने माळ्यावरचा बिस्किटाचा डबा खाली काढला. त्यात माझ्या जुन्या निगेटिव्ह होत्या, बटरपेपरात गुंडाळलेल्या, एकेक सव्वादोन इंच चौरस. तिने आपल्या टॅबलेटचा पडदा पांढराशुभ्र उजळला, त्यावर निगेटिव्ह ठेवली आणि वरून फोनने फोटो काढला. मग कुठेतरी बोट लावले आणि काळ्याचे पांढरे, पांढऱ्याचे काळे झाले. आमच्या वेळी याच कामासाठी स्टुडिओतल्या अंधाऱ्या खोलीत तांबडा दिवा, रसायनांचे ट्रे आणि उग्र वास लागायचा. इथे ती खाटेवर मांडी घालून बसली होती आणि शेजारी चहाचा कप होता.

"आई, ही कोण गं?" तिने विचारले.

फोटो ओळखीचा होता. 1967 च्या वैशाखातला, माझ्या धाकट्या भावाच्या मुंजीचा. त्याची मोठी प्रत वर्षानुवर्षे आमच्या माजघरात टांगलेली होती. वाड्याच्या पायऱ्या, मधोमध खुर्चीत आजोबा, शेजारी आई आणि वडील, पुढे मुंडण केलेला बटू, आणि भोवती काकू, माम्या, आतेभावंडे. पण तो टांगलेला फोटो मोठा करताना स्टुडिओवाल्याने कडा छाटून नीटनेटका केलेला होता. ही अख्खी निगेटिव्ह होती. आणि त्या कॅमेऱ्याच्या खिडकीतून जेवढे दिसे, त्याहून कडेचे थोडे अधिक फिल्मवर उतरत असे.

त्या अधिकच्या कडेला, डाव्या हाताला, खांबाला टेकून ताईआत्या उभी होती. फिकट लुगडे, हातात घड्याळ. सगळे कॅमेऱ्याकडे पाहत होते. ती माझ्याकडे पाहत होती.

मी लेकीला नाव सांगितले आणि चहा गरम करण्याचे निमित्त करून उठले. मला तो दिवस आठवत होता असे नाही. मी तो विसरूच शकले नव्हते. फोटोसाठी सगळे पायऱ्यांवर जमले तेव्हा आत्याही येऊन उभी राहिली होती, आईच्या मागे, अगदी सहज. आजोबांनी मला जवळ बोलावून हळूच सांगितले, "मंगल कार्याचा फोटो आहे. तिला बाजूला व्हायला सांग." त्यांनी स्वतः सांगितले नाही. मी सांगितले. तेही खरे कारण देऊन नव्हे. मी कॅमेऱ्याच्या खिडकीला डोळा लावला आणि हसत हसत म्हणाले, "आत्या, जरा डावीकडे सरक ना, तू मावत नाहीस!"

ती मावत होती. चांगली मावत होती.

आत्या म्हणाली, "हो गं बाई, मी जाडी झालेय खरी." सगळे हसले. ती सरकली. मी म्हणाले, "अजून थोडी." ती अजून थोडी सरकली. तिनेच घेऊन दिलेल्या कॅमेऱ्याने मी तिला फोटोबाहेर काढले, आणि मी काय केले हे तिला पुरते कळले होते, हे आज मला त्या निगेटिव्हमधल्या नजरेत दिसले. तिने त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. 1989 साली ती गेली तेव्हा भिंतीवर लावायला तिचा फोटो सापडेना. फोटो काढणारी भाची घरात, आणि शेवटी शाळेच्या शिक्षकवर्गाच्या फोटोतून तिचा चेहरा कापून मोठा करून आणावा लागला. तो इतका पुसट आला की आत्या धुक्यातून आल्यासारखी दिसे.

मी हे सारे लेकीला त्या रात्री सांगितले. सांगताना आजोबांवर थोडा अधिक भार टाकला, हे कबूल करते. ती ऐकून घेत होती. 2022 साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा मी टाळ्या वाजवून तिला बातमी वाचून दाखवली होती. त्याची तिने मला आठवण करून दिली नाही. ती उगाच टोचून बोलणारी नाही.

मला विषय बदलायचा होता म्हणून मी म्हटले, "तू काढलेले दाखव बघू. आपल्या भाऊबिजांचे." तिने दाखवले. भाऊबीज आमच्याकडे पुण्याला असते. दोघे भाऊ, भावजया, भाचे, त्यांच्या बायका-मुले, असे वीस-बावीस जण जमतात. फोटो सुंदरच होते. मी ओवाळताना, भाऊ ताटात नोट ठेवण्याचे नाटक करून ती परत खिशात घालताना, पोरे फुलबाज्या फिरवताना. एका वर्षामागून दुसरे वर्ष मी पुढे सरकवत गेले. टाळेबंदीचे 2020 सोडले तर एकही भाऊबीज सुटलेली नव्हती. आणि मग माझ्या लक्षात आले, की या एवढ्या माणसांत माझी लेक कुठेच नाही.

"तुझा एकही नाही?"

"मी काढते ना! मग मी कशी असेन?"

हे उत्तर बरोबर होते. फोटो काढणारा फोटोत नसतो, हे मला कुणी शिकवायला नको. पण माझा हात थांबला. ती 2018 साली नवऱ्यापासून वेगळी झाली. त्या वर्षीची भाऊबीज माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली. सगळे जोडीजोडीने फोटोला उभे राहत होते, भावजयीच्या माहेरची माणसे आली होती, त्यांतले कुणी "जावईबापू दिसत नाहीत?" असे विचारील या भीतीने माझा जीव खालीवर होत होता. आणि मी तिच्या हातात फोन देऊन हसत हसत म्हणाले होते, "तू छान काढतेस. तू काढ."

तोच आवाज. तेच हसणे. या वेळी माझ्या कानात कुणी काही सांगितलेही नव्हते. मी ते तिच्या भल्यासाठी केले, असे मला वाटत होते. आजोबांनाही बहुधा तसेच वाटत असेल.

"तुला तेव्हा काय वाटलं गं?" मी विचारले. काय विचारते आहे, हे तिला सांगावे लागले नाही.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "खरं सांगू? तेव्हा बरं वाटलं. कॅमेऱ्यामागे उभं राहिलं की कुणी काही विचारत नाही."

"आणि आता?"

"आता सवय झाली." एवढे बोलून तिने टॅबलेट मिटवला.

त्या दिवाळीत तिने ती अख्खी निगेटिव्ह मोठी छापून आणली, कडा न छाटता. मी तो फोटो बैठकीच्या खोलीत लावला. भाऊबिजेला मुंजीतला बटू आला. तो आता साठी कधीच ओलांडलेला पेन्शनर आहे. फोटोसमोर उभा राहून त्याने चष्मा पुसला, पुन्हा लावला. "ताईआत्या होती होय फोटोत?" तो म्हणाला. "मुंडण झालं म्हणून मी रडत होतो, तेव्हा हिनंच मागच्या पडवीत नेऊन लाडू दिला होता. वर म्हणाली, केस परत येतात, लाडू संपले की येत नाहीत!" सगळे हसले. मीही हसले. माझ्या वाटणीची हकिकत मग मी सगळ्यांना सांगितली. कुणी फारसे काही बोलले नाही. धाकट्या भावजयीने माझ्या पाठीवर हात ठेवला, एवढेच.

जेवणाआधी लेकीने नेहमीप्रमाणे फोन हातात घेतला. "चला, सगळे जवळ या."

"तू ये इकडे," मी म्हटले.

"मग काढणार कोण?"

"काढील तो फोन. तुमच्यात दहा सेकंद थांबतो ना तो?"

चिवड्याच्या डब्यावर दोन दिवाळी अंक रचले, त्यांना टेकवून फोन उभा केला. तिने कळ दाबली आणि धावत आली. येताना तिचा पाय पाटाला अडखळला आणि ती जवळजवळ माझ्या मांडीवरच आदळली. तेवढ्यात फोनने आपले काम केले.

फोटो अगदी वाईट आला. सगळी खोली तिरकी झाली आहे, धाकट्या भावाचे डोळे मिटलेले आहेत, एका भाच्याचे डोकेच नाही. आणि मध्यभागी माझी लेक केस तोंडावर आलेली, तोल गेलेली, मोठ्याने हसते आहे. कुणीही समोर पाहत नाही. माझ्या एकाही नियमात न बसणारा असा तो फोटो.

"शी! हा नको. पुन्हा काढू या," ती म्हणाली.

"काढ," मी म्हटले. "पण पुन्हा इथेच येऊन बस."